बारबोले साहेबांचा सावलीफळा

शेखरराव बारबोले नोकरीला होते त्या चाकणच्या कारखान्यात गाडीतल्या वायरी जागच्या हलू नयेत म्हणून लावायच्या प्लास्टिकच्या क्लिपा बनत. रस्त्यावरून एखादी गाडी खडखड न करता गेली, की "आपल्या क्लिपा," असं ते सोबतच्या माणसाला सांगत. खडखड करत गेली, तर तिच्या क्लिपा दुसऱ्या कंपनीच्या असत.

पण शेखररावांचा दरारा क्लिपांमुळे नव्हता. ते प्लँटचे फाइव्ह-एसवाले होते. ज्यांना या कारखान्यांच्या पट्ट्यात पोट भरायचा योग आला नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं, की फाइव्ह-एस हे जपानहून आलेलं सोवळं आहे. त्यात प्रत्येक वस्तूला एकच जागा असते, जागेला पिवळ्या पट्टीची चौकट असते आणि चौकटीवर पाटी असते. झाडूच्या चौकटीत झाडूच उभा राहायचा. त्याला टेकून बादली दिसली, की बादलीला लाल टॅग. हत्यारांसाठी भिंतीवर एक फळा असतो आणि त्यावर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची काळी आकृती रंगवलेली असते. पाना परत आला नाही, की फळ्यावर त्याची नुसती सावली उघडी पडते आणि नेला कुणी याचा तपास सुरू होतो. याला इंग्रजीत शॅडो बोर्ड म्हणतात आणि प्लँटमध्ये सावलीफळा. मनुष्यजातीने चाकापाठोपाठ लावलेला सर्वांत मोठा शोध म्हणजे हा फळा, असं शेखररावांचं मत होतं. चाकाबद्दल ते तितकेसे ठाम नव्हते.

लाल टॅगच्या वरची शिक्षा म्हणजे किटली. कँटीनची एक बुडाला जळालेली, कान तुटलेली ॲल्युमिनियमची किटली पूर्वी कधीतरी एका रॅकमागे सापडली होती. शेखररावांनी ती भंगारात टाकली नाही. ज्या खात्याचा गबाळेपणा सर्वांत जास्त, त्याच्या प्रमुखाच्या टेबलावर ती महिनाभर ठेवायची, अशी प्रथा त्यांनी पाडली. ठेवताना सगळ्यांसमोर चार शब्द बोलायचे, ही प्रथाही त्यांचीच. चार म्हणजे सुमारे चारशे.

किटलीचा मुक्काम बहुधा स्टोअर्समध्ये, रोहिदासच्या टेबलावर असे. रोहिदास तिथलाच, गावातला. त्याच्या वडिलांच्या बाजरीच्या वावरात आता गोदामं उभी होती, आणि तो प्लँटहेडपेक्षा मोठ्या गाडीतून कामाला येई, तो केवळ घरी करमत नाही म्हणून. अशा माणसाचा अपमान करणं फार अवघड असतं. किटली आली की तो तिच्यात मनीप्लँट लावी. शेखररावांनी मनीप्लँटला लाल टॅग लावला. रोहिदासने टॅगसकट पाणी घातलं.

असं सगळं सुरळीत चालू असताना हेड ऑफिसची मेल आली. यापुढे फाइव्ह-एस संगणकाच्या डेस्कटॉपलाही लागू. आणि पुढच्याच आठवड्यात सर्वांत मोठ्या गिऱ्हाइकाकडून ऑडिटसाठी प्राजक्ता मॅडम येणार होत्या. सुरुवात हॉलमधल्या मोठ्या पडद्यावर, शेखररावांच्या लॅपटॉपवरून व्हायची होती, आणि त्या महिन्याची किटली मॅडमच्या गुणांवरून ठरायची होती.

रोहिदास मुद्दाम भेटायला आला.

"बारबोले साहेब, आता तुमचा डेस्कटॉप बगायला मिळनार म्हनं. आमी समदे येनार हाय. म्होरच्या रांगंत बसतो."

"जरूर या," शेखरराव म्हणाले आणि लॅपटॉपचं झाकण हळूच खाली केलं.

इथे एक दुःखद गोष्ट सांगणं भाग आहे. शेखररावांच्या डेस्कटॉपवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. हेड ऑफिसने लावून दिलेल्या वॉलपेपरवर डोंगर आहे की समुद्र, हे त्यांना अजून कळलेलं नव्हतं. 'ऑडिट', 'ऑडिट नवीन', 'नवीनच्या नंतरचं', 'हे पाठवू नये', 'हे पाठवलं' अशा फायलींची जत्रा भरली होती. तरी त्यांना सगळं सापडे, कारण ते नाव वाचतच नसत. डिस्पॅचची फाइल कचरापेटीच्या खालून तिसरी, तिच्या शेजारी गिऱ्हाइकाच्या तक्रारी, हे त्यांच्या बोटांना पाठ होतं. दुसऱ्या कुणाचा डेस्कटॉप असा असता तर त्यांनी लॅपटॉपलाच टॅग बांधला असता.

रविवारी मोशीच्या फ्लॅटमध्ये, दार लावून, त्यांनी साफसफाईला हात घातला. योगिनीताई स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या बघण्याला इतिहास होता. दोन दिवाळ्यांपूर्वी शेखररावांनी घरच्या डब्यांना फाइव्ह-एस लावलं होतं. सगळे डबे एकसारखे, आणि झाकणांवर सुबक लेबलं. मग एकदा झाकणं धुतली गेली आणि शेखररावांच्या साहेबांनी खारट शिरा खाल्ला.

"लेबल झाकणाला लावू नका, डब्याला लावा म्हटलं होतं," योगिनीताई म्हणाल्या.

"हे वेगळं आहे. हे डिजिटल आहे."

"मग सावकाश खारट होईल."

दार लावलेलं असलं तरी रंगराव आत आलेच. रंगराव वरच्या मजल्यावर राहत, पण इमारत त्यांच्याच शेतावर उभी होती, त्यामुळे कुठल्याही फ्लॅटमध्ये ते बांध ओलांडून यावं तसे येत. बिल्डरशी वाटाघाटी करता करता त्यांना वास्तुशास्त्र येऊ लागलं होतं. त्यांनी चष्मा लावून स्क्रीनकडे पाहिलं.

"शेखरराव, ही कचऱ्याची बादली डाव्या अंगाला, वर?"

"ती असतेच तिथे. कंपनीकडूनच तशी येते."

"वर म्हंजी उत्तर. नकाशात बी तसंच असतंय. मग डावा वरचा कोपरा झाला वायव्य. वायव्य म्हंजी वारा! तिथं ठिवलेलं टिकत न्हाई. समदा संसार वायव्येला मांडलाय तुमी, म्हून तर पसारा व्हतोय."

"पण लॅपटॉप फिरवला तर दिशा बदलतील ना?"

रंगरावांनी लॅपटॉप दोन्ही हातांनी दाबून धरला. "मग फिरवू नगा."

शेखरराव स्वतःला विज्ञाननिष्ठ समजत. पण विज्ञाननिष्ठ माणसालाही ऑडिटच्या आठवड्यात थोडं मागे-पुढे व्हावं लागतं. शिवाय जड वस्तू नैऋत्येला ठेवाव्यात या म्हणण्यात त्यांना गोदामशास्त्र दिसलं. त्यांनी जड एक्सेल फायली डाव्या खालच्या कोपऱ्यात रचल्या. तक्रारी आग्नेयेला, कारण तिथे आग असते. डिस्पॅच तेवढं वायव्येला ठेवलं, माल लवकर जावा म्हणून. ईशान्य कोपरा मोकळा, पवित्र. मधे पहिल्यांदाच डोंगर दिसला. समुद्र नव्हता. खाली 'सुरक्षा आपली, जबाबदारी आपली' हे वाक्य निघालं, तेही इतकी वर्षं फायलींखाली गाडलं गेलं होतं.

"झकास," रंगराव म्हणाले. "आता ब्रह्मस्थान मोकळं झालं. च्या ठेवा."

सोमवारी शेखरराव प्रसन्न चेहऱ्याने ऑफिसला गेले, लॅपटॉपला टेबलावरच्या मोठ्या मॉनिटरची वायर जोडली, आणि सगळे आयकॉन धरणाचं दार उघडावं तसे डावीकडे धावले. जड नैऋत्य, तापट आग्नेय, सगळं वायव्येत जाऊन एकमेकांच्या उरावर बसलं. त्यांनी तसाच रंगरावांना फोन लावला.

"काय सांगितलं व्हतं म्या? वारा!" रंगराव म्हणाले. त्यांच्या आवाजात दुःख नव्हतं.

आयटी खात्याचा सुजित शेखररावांच्या पाठीमागच्याच टेबलावर बसे. खुर्ची मागे कलली तर दोघांची डोकी आपटत. शेखरराव वळून म्हणाले, "सुजित, आयकॉन हलतायत रे."

"तिकीट टाका सर," सुजित स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला.

"अरे, मी इथेच आहे."

"तुम्ही आहात सर, तिकीट नाहीये."

तिकिटासाठी तक्रारीचा प्रकार निवडावा लागे. 'आयकॉन हलतात' असा प्रकार नव्हता. पासवर्ड, नेटवर्क आणि प्रिंटर एवढेच प्रकार होते. हलण्याशी सर्वांत जवळचा नातेवाईक म्हणून शेखररावांनी 'प्रिंटर' निवडलं. दुपारी बाहेरच्या एजन्सीचा माणूस आला आणि त्यांच्याजवळचा प्रिंटर उचलून दुरुस्तीला घेऊन गेला. "थांबा, प्रिंटर चांगला आहे," असं ते म्हणाले, पण तिकिटावर त्यांचंच नाव होतं आणि त्या माणसाला फक्त तिकीट कळत होतं. त्या प्रिंटरवर अर्ध्या प्लँटची चलनं निघत. संध्याकाळपर्यंत गेटवर मालाचे ट्रक तुंबले आणि चौकशीला आलेल्या प्रत्येकाला रोहिदास सांगू लागला, "बारबोले साहेबांच्या डेस्कटॉपचं काम निघालंय. मोठं दिसतंय."

शेवटी सुजितला दया आली. "सर, खरं सांगू? डेस्कटॉपवर काही ठेवायचंच नसतं."

"मग तो असतो कशाला?"

यावर आयटी खात्याने वेगळं तिकीट टाकायला सांगितलं.

शेखररावांनी ती रात्र फार वाईट काढली असं नाही, ते झोपले. पण सकाळी कारखान्यात शिरताना त्यांची नजर सावलीफळ्यावर गेली आणि ते जागच्या जागी थांबले. एक पकड नव्हती. तिची सावली मात्र होती. वस्तू हलते, सावली हलत नाही! आयकॉन हलतात ते त्यांच्यामागे सावली नाही म्हणून.

योजना साधी होती. आयकॉन नीट लावायचे, त्या संपूर्ण स्क्रीनचा फोटो काढायचा आणि तोच फोटो वॉलपेपर म्हणून लावायचा. म्हणजे प्रत्येक आयकॉनच्या पाठीमागे त्याचंच चित्र, तंतोतंत. आयकॉन सरकला रे सरकला, की मागचं चित्र उघडं पडेल आणि त्याला पुन्हा जागेवर बसवता येईल. असा विचार साध्या संगणकवाल्याला सुचला नसता. त्यासाठी ज्याची वर्षं पिवळ्या पट्ट्या आखण्यात गेली, असाच माणूस लागतो.

मधे एक अडचण आली. वॉलपेपर हेड ऑफिसने कुलूपबंद केलेला होता. सुजित म्हणाला, कुलूप मी काढतो, पण चित्रात सुरक्षेचं वाक्य आहे, तेव्हा सेफ्टी खात्याची परवानगी लागेल. सेफ्टी खात्याने विचारलं, आयकॉन अंगावर पडून कुणाला इजा होण्याचा संभव आहे का? शेखररावांनी नाही असं लेखी दिलं. वाक्य दिसत राहिलं पाहिजे या अटीवर परवानगी मिळाली. शेखररावांनी स्क्रीनचा फोटो काढला आणि त्यातल्या वाक्यालाच पिवळी चौकट आखली. मग सगळ्या डेस्कटॉपलाच आखली. 'चालू काम', 'गिऱ्हाईक', 'निकाली' अशा पाट्या लावल्या. कचरापेटीभोवती लाल चौकट केली. फोटो वॉलपेपर म्हणून लावला आणि प्रात्यक्षिकासाठी दोन-चार माणसं बोलावली. रोहिदास चलनं हाताने लिहीत होता, तो पेनासकट आला.

शेखररावांनी एक आयकॉन बोटभर बाजूला ओढला. खालून त्याचं चित्र हसतमुखाने वर आलं.

"पाहिलंत? चोरी लगेच उघड!"

"पण सर," सुजित म्हणाला, "कुणी चित्रावरच क्लिक केलं तर काही उघडणार नाही."

"सुजित, ती सावली आहे. सावलीने नट आवळायला जाईल असा मूर्ख आपल्या प्लँटमध्ये कुणी नाही."

"न्हाई, न्हाई," रोहिदासने मान डोलावली. "असा कोन आसंल?"

त्या आठवड्याच्या उरलेल्या दिवसांत शेखररावांनी किटली स्टोअर्समध्येच राहणार हे गृहीत धरून तिचं भाषणही तयार केलं. त्यात प्रिंटरचा उल्लेख कुठे नव्हता.

ऑडिटच्या सकाळी प्रिंटर परत आला. त्यावर चिठ्ठी होती, 'दोष आढळला नाही'. शेखररावांनी याला शुभशकुन मानलं. हॉल भरला. मॅडम खाली प्लँटहेड साहेबांच्या केबिनमध्ये पाहुणचाराची फळं खात होत्या. पुढच्या रांगेत रोहिदास, मांडीवर हात ठेवून, लग्नाला आल्यासारखा. शेखररावांनी लॅपटॉपला प्रोजेक्टरची वायर जोडली.

आणि वारा आला. सगळे आयकॉन डावीकडे धावले. चित्रं जागच्या जागी राहिली, पण त्यांच्या अंगावर हा लोंढा चढून बसला, आणि वायव्येला आपलं कोण आणि सावली कोणाची हे ओळखू येईना. मॅडमच्या सँडलचा आवाज जिन्यावर आला.

"सुजित!" शेखरराव कुजबुजले. "तिकीट मागू नकोस."

सुजित खरंच चांगला मुलगा होता. त्याने माऊस घेतला, उजवं बटण दाबलं आणि 'आयकॉन दाखवा' यासमोरची खूण काढून टाकली. लोंढा नाहीसा झाला. उरली नुसती चित्रं, पिवळ्या चौकटीत, रांगेत, शिस्तीत, हेड ऑफिसच्या स्वप्नात यावीत तशी. मॅडम आत आल्या, पडद्याकडे पाहिलं आणि थांबल्या.

"वा! इतका स्वच्छ डेस्कटॉप मी अजून कुठल्याच प्लँटमध्ये पाहिला नाही."

टाळ्या झाल्या. प्लँटहेड साहेबांनी शेखररावांच्या खांद्यावर हात ठेवला. इथेच पडदा पडला असता तर ही गोष्ट एका कर्तबगार माणसाचं चरित्र म्हणून खपली असती. पण फाइव्ह-एसमध्ये एक नियम आहे, आणि तो प्रत्येक खात्याला शेखररावांनी स्वतः ओरडून पाठ करून घेतला होता. मागितलेली वस्तू तीस सेकंदांत हातात आली पाहिजे.

"बारबोले सर," मॅडम खुर्चीत बसत म्हणाल्या, "गिऱ्हाइकांच्या तक्रारींची फाइल उघडून दाखवा. तीस सेकंद."

"म्या घड्याळ लावतो," रोहिदास म्हणाला. त्याने खिशातून स्टॉपवॉच काढलं. ते शेखररावांचंच होतं. मागच्या ऑडिटला स्टोअर्समध्ये विसरलं होतं.

शेखररावांपुढे दोन वाटा होत्या. आयकॉन परत दाखवावेत तर लोंढा दिसणार. न दाखवावेत तर उघडणार काय? मराठी मध्यमवर्गीय माणूस अशा वेळी तिसरी वाट धरतो. तो जणू काही झालंच नाही असं वागतो. शेखररावांनी माऊस आग्नेयेला नेला आणि तक्रारींच्या चित्रावर रुबाबात डबलक्लिक केलं.

काही झालं नाही.

"सिस्टीम जरा स्लो आहे," ते म्हणाले आणि पुन्हा केलं. मग जरा जोरात केलं, कारण जोरात केल्याने फरक पडतो अशी आपली पिढीजात श्रद्धा आहे. मग शेजारच्या चित्रावर केलं. शेवटी कचरापेटीवर केलं. निदान ती तरी माणुसकी दाखवेल असं वाटलं असावं. हॉलमध्ये क्लिकक्लिक एवढाच आवाज होता. पडद्यावर सगळं झळझळीत, जागच्या जागी, आणि दगडासारखं मुकं.

रोहिदास पुढे झुकला. अगदी हळू, आजाऱ्याला विचारावं तसं त्याने विचारलं,

"साहेब, सावलीनं नट आवळताय व्हय?"

मागच्या रांगेत कुणाला तरी ठसका लागला. मग तो साथीसारखा पसरला. "टाइम संपला," रोहिदासने जाहीर केलं, आणि घाबरलेल्या सुजितने मदत म्हणून आयकॉन परत दाखवले. आता पडद्यावर प्रत्येक गोष्ट दोनदा होती. दोन डिस्पॅच, दोन तक्रारी, दोन कचरापेट्या.

मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "सर, यातला खरा कुठला?"

शेखररावांनी कोटाचं बटण लावलं. माणसाकडे काही उरलं नाही तरी आवाज उरतो.

"मॅडम," ते म्हणाले, "जो हलतो, तो खरा."

यावर मॅडम पहिल्यांदा हसल्या, आणि मग त्यांना थांबता येईना.

अहवाल दोन दिवसांत आला. गुणांच्या तक्त्यात शेखररावांचं टेबल सर्वांत खाली होतं, स्टोअर्सच्याही खाली. पण शेरा वेगळाच होता. 'डेस्कटॉपसाठी शॅडो बोर्ड: संकल्पना अभिनव. अंमलबजावणी सुधारून सर्व संगणकांवर राबवावी.' अभिनव म्हटलं, की हेड ऑफिसला आवरणं कठीण असतं. दुसऱ्याच दिवशी हुकूम निघाला. जबाबदारी: श्री. बारबोले. आठवड्याभरात प्लँटमधल्या प्रत्येक स्क्रीनवर सगळं दोनदा दिसू लागलं. अकाउंट्समधले लोक पगाराच्या चित्रावर क्लिक करून करून थकले. जेवणाच्या सुट्टीत शेखरराव कँटीनमध्ये शिरले, की बोलणं थांबे आणि डब्यांची झाकणं वाजत.

घरी योगिनीताईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे लेबल पुन्हा झाकणालाच लावलंत," एवढंच म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात शिरा वाढला. गोड होता. रंगरावांचं निदान वेगळं होतं. "प्रोजेक्टर कोन्या भिंतीला हाय?" त्यांनी विचारलं.

किटलीचा समारंभ प्रथेप्रमाणे झाला. सगळे जमले. शेखररावांचं भाषण खिशातच राहिलं; ते स्टोअर्ससाठी लिहिलेलं होतं. रोहिदासने किटली दोन्ही हातांनी, मनीप्लँट आणि लाल टॅगसकट, त्यांच्या टेबलावर ठेवली. शेखरराव चारशे शब्द ऐकायची तयारी करून, नजर समोरच्या भिंतीवर लावून उभे राहिले. रोहिदास मात्र खरोखरच चार शब्द बोलला.

"घ्या साहेब, तुमचीच हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी शेखरराव टेबलाशी आले, तर कुणीतरी किटलीभोवती पिवळ्या पट्टीची चौकट आखली होती. चौकटीवर 'किटली' अशी पाटी. आणि किटलीखाली, टेबलावर, काळ्या रंगात किटलीची सावली रंगवली होती. महिन्याभराच्या पाहुणीला कुणी सावली रंगवत नाही. हा अपमान होता, आणि मुक्कामाला आलेला अपमान होता.

ते बसले. त्या बाजूला न बघता त्यांनी लॅपटॉप उघडला, दोन मेल वाचल्या, एकीचं उत्तर लिहायला घेतलं. पण सकाळी साफसफाईच्या सरूबाईने टेबल पुसताना किटली जरा तिरकी ठेवली होती. डाव्या बाजूने सावलीची बोटभर काळी कड दिसत होती. शेखररावांनी उत्तराची पहिली ओळ खोडली. पुन्हा लिहिली. पुन्हा खोडली. मग त्यांनी नीट पाहिलं. आकृतीत तुटक्या कानाची खाच हुबेहूब उतरली होती. चौकटीचे कोपरे काटकोनात होते. काम चोख होतं. आपण ऑडिटला असतो तर पूर्ण गुण दिले असते.

त्यांनी मागे वळून पाहिलं. सुजित स्क्रीनमध्ये डोकं घालून बसला होता. रोहिदास अजून आलेला नव्हता. शेखररावांनी हात लांब केला, किटली अलगद फिरवली आणि कड दिसेनाशी होईपर्यंत हळूहळू सरकवत बरोबर जागेवर आणली.

मग कुठे त्यांचं कामात लक्ष लागलं.